जाहिरात फलकाचा पाया

वसई–दिवा लोहमार्गावरील खारबाव हे गाव भिवंडी तालुक्यात असले तरी भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर येते. भातखाचरांना लागून गोदामे वाढत गेलेल्या या पट्ट्यात रस्त्याकडेच्या खासगी जमिनीवरील जाहिरात फलकांचा विचार करायचा, तर चित्रापेक्षा त्यामागच्या सांगाड्याकडे आणि सांगाड्यापेक्षा त्याच्या पायाकडे पाहणे अधिक गरजेचे ठरते.

फलकावरील जुनी जाहिरात उतरवून नवी लावण्याच्या कामाला या व्यवसायात ‘फ्लेक्स चढवणे’ म्हणतात. हे काम जवळून पाहताना प्रथम जाणवतो तो ताज्या छपाईच्या शाईचा उग्र वास, आणि त्यानंतर नजर खिळते ती लोखंडी सांगाड्याच्या माथ्यावर बसलेल्या कामगारावर. गुंडाळी उलगडून दोरीने वर ओढणे लवकर उरकते. खरा वेळ जातो तो ताण बसवण्यात. कडेच्या छिद्रांतून दोरी ओवून वरचा कामगार ती अँगलला आवळतो, खाली उभ्या सोबत्याला सैल बाजू विचारतो आणि पुन्हा आवळतो, कारण सुरकुती राहिली की तेथे वारा शिरून फ्लेक्स फाटतो. मात्र फाटलेला फ्लेक्स वाऱ्याला वाट तरी देतो, तर घट्ट बसलेला फ्लेक्स वाऱ्याचा सगळा जोर सांगाड्यामार्फत पायावर टाकतो; आणि तो पाया किती खोल आहे हे वर बसलेल्या कामगाराला कोणीही सांगितलेले नसते.

या जोराचे गणित मांडता येते. वाऱ्याच्या भारासंबंधीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 875 च्या तिसऱ्या भागात, मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे. त्या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे 118 किलो दाब येतो आणि 40 बाय 40 फुटांच्या फलकावर, उंची व आकाराचे गुणक न धरताही, तो साडेसतरा टनांच्या घरात जातो. 40 बाय 40 हीच मुंबई महानगरपालिकेने ठरवलेली कमाल मर्यादा होती. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर कोसळून 17 जणांचा बळी घेणारा फलक 120 बाय 120 फुटांचा, म्हणजे क्षेत्रफळाने या मर्यादेच्या नऊपट होता.

मुंबई वगळता इतर महानगरपालिकांच्या हद्दीत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची कलमे 244 व 245 आणि 2022 चे जाहिरात नियम लागू होतात. कलम 244 ‘आकाशचिन्हां’विषयी, म्हणजे खांबावर वा सांगाड्यावर उभारलेल्या आणि रस्त्यावरून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या फलकांविषयी आहे. जागेतच चालणाऱ्या धंद्याची पाटी किंवा तीच जागा विकण्या-भाड्याने देण्याची सूचना यांना कलम 245 मध्ये सवलत आहे, आणि ती रास्तही आहे. खारबावला हे नियम लागत नाहीत. तेथे आधार घ्यावा लागतो तो 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचा, ज्यात जमिनीवर, जमिनीच्या वर वा खाली केलेले बांधकाम व अभियांत्रिकी काम ‘विकास’ या संज्ञेत येते, त्यासाठी नियोजन प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते आणि विनापरवाना कामावर कलम 53 खाली कारवाई होऊ शकते.

जमीन आपली असली की तिच्यावर काय उभारायचे हाही आपलाच प्रश्न, ही समजूत म्हणूनच घातक आहे. मालकाची संमती म्हणजे परवानगी नव्हे. पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे 17 एप्रिल 2023 रोजी फलक कोसळून पाच जणांचा मृत्यू झाला, तेव्हा जमीनमालकावरही गुन्हा नोंदवला गेला. त्यामुळे फलकासाठी जागा भाड्याने देणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने करारावर सही करण्यापूर्वी प्राधिकरणाची परवानगी, पायाचा आराखडा आणि संरचना अभियंत्याचा स्थैर्य दाखला हे तिन्ही कागद मागून घ्यावेत, आणि यांतील एक जरी कागद मिळत नसेल तर जागा देऊ नये.