दोन आघातांमधली जागा

टेसरॅक्ट या ब्रिटिश मेटल बँडचं संगीत पहिल्यांदा ऐकणारा माणूस बहुधा मात्रा मोजायला लागतो आणि थोड्याच वेळात चुकतो. सात तारांच्या, खालच्या सुरात लावलेल्या गिटारवर विषम मात्रांचा एक तुकडा फिरत असतो. ड्रमवादक जे पोस्टोन्सची झांज मात्र चारच्या चालीत शांतपणे पुढे जाते. दोघं एकमेकांपासून सरकत जातात आणि बऱ्याच आवर्तनांनंतर एकदम समेवर भेटतात. तबल्याची लयकारी ऐकलेल्या कानाला ही भेट लगेच ओळखता येते.

विषम तालाची ही पद्धत स्वीडनच्या मेशुगा या बँडने रुजवली. मिल्टन कीन्सच्या एकल काहनी या गिटारवादकाने २००३च्या सुमारास टेसरॅक्ट सुरू केला, तेव्हा त्याच्यापुढे तोच आदर्श होता. पण त्याने मेशुगाची भिंत पोखरून तिच्यात हवा आणली. जड आघात झाला की लगेच स्तब्धता येते आणि तिच्यात स्वच्छ, प्रतिध्वनीत भिजलेले गिटारचे स्वर तरंगतात. खाली एमॉस विल्यम्सचा बास अंगठ्याच्या फटक्यांनी ताल धरून ठेवतो. मेटलमध्ये बास बहुतेकदा गिटारच्या सावलीत हरवतो. इथे तो कणा आहे, आणि या बँडचं मोठेपण मला सर्वात जास्त तिथेच दिसतं.

मिल्टन कीन्समधल्याच ब्लेचलीत मार्शलचे प्रसिद्ध अ‍ॅम्प्लिफायर बनतात. काहनीच्या पिढीने मात्र घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रण केलं, इंटरनेटवरून ते जगभर पोचवलं, आणि त्यातूनच ‘जेंट’ नावाची लाट उठली. ‘कन्सीलिंग फेट’ ही सहा भागांची रचना २०१० साली आली आणि पुढच्याच वर्षी ‘वन’ या पहिल्या अल्बममध्ये सामावली गेली.

नंतर गायक बदलत राहिले. डॅनियल टॉम्पकिन्स २०११ मध्ये गेला. २०१३च्या ‘ऑल्टर्ड स्टेट’मध्ये अ‍ॅश ओ’हारा गायला आणि घशातली गुरगुर पूर्णपणे गेली. मेटलच्या चाहत्यांसमोर हे धाडसच होतं. माझ्या मते त्यांचा सर्वात सुरेल अल्बम तोच. टॉम्पकिन्स २०१४ मध्ये परतला. मधल्या काळात त्याने केशव धरच्या ‘स्कायहार्बर’ या भारतीय बँडसाठी ‘ब्लाइंडिंग व्हाइट नॉइज’ या अल्बमवर आवाज दिला होता. दिल्लीत आकाराला आलेल्या त्या रचनांमध्येही आघाताइतकंच मोल मोकळ्या जागेला आहे. २०२३च्या ‘वॉर ऑफ बीइंग’ या अल्बममध्ये गुरगुर ठळकपणे ऐकू येते. अकरा मिनिटांच्या शीर्षकगीतात ती सुरेल गाण्याला छेदत जाते, आणि आता तिला अल्बमच्या कथेतल्या पात्राचं काम मिळालं आहे.