सीटी स्कॅन अस्पष्ट का येतो?

“डॉक्टर, मशीन जुनं आहे का? स्कॅन नीट आला नाही म्हणतात.” महिनाभर खोकणाऱ्या आजींना घेऊन आलेल्या त्यांच्या मुलाने ओपीडीत विचारले. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये उजवीकडे डागासारखे काहीतरी दिसत होते, पण श्वासाच्या हालचालीमुळे त्याच्या कडा पुसट झाल्या होत्या. तो डाग साधा की कर्करोगाचा, हे सांगता येईना. चौकशी केल्यावर उलगडा झाला. यंत्रातून येणारी श्वास रोखण्याची ध्वनिमुद्रित सूचना हिंदीत होती आणि आजींना कमी ऐकू येत होते. दोष यंत्राचा नव्हता.

सीटी स्कॅनची यंत्रे खूप सुधारली आहेत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. ते चित्र ८० बाय ८० चौकटींचे होते आणि त्यासाठी रुग्णाला काही मिनिटे स्थिर पडून राहावे लागे. आज चित्र साधारणपणे ५१२ बाय ५१२ चौकटींचे असते आणि संपूर्ण छाती काही सेकंदांत टिपली जाते. पण तेवढ्या सेकंदांतही छाती हलली, तर चित्र हलते.

मग क्ष-किरण वाढवून चित्र सुधारता येणार नाही का? किरण वाढवले की चित्रातला दाणेदारपणा कमी होतो. पण तो निम्मा करायचा तर किरणांची मात्रा सुमारे चौपट करावी लागते. हालचालीमुळे आलेला पुसटपणा तर त्यानेही जात नाही. म्हणून निदानापुरते स्पष्ट चित्र आणि कमीत कमी किरण, हाच आमचा हिशेब असतो. मूतखडा शोधायला थोडे दाणेदार चित्रही पुरते.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. एकदा मिळालेल्या माहितीवरून संगणक वेगवेगळी चित्रे तयार करू शकतो. पाच मिलिमीटर जाडीच्या छेदात लहानशी गाठ आजूबाजूच्या भागात मिसळून जाते. एक मिलिमीटरच्या छेदात तिच्या कडा दिसतात. हाडांसाठी वेगळे, मऊ अवयवांसाठी वेगळे चित्रही काढता येते. त्यासाठी पुन्हा किरण द्यावे लागत नाहीत. मात्र मूळ माहिती यंत्रात बहुधा थोडेच दिवस ठेवतात. त्यामुळे ‘पुन्हा स्कॅन करा’ असे कोणी सांगितले, तर आधीच्या स्कॅनमधून आणखी काही मिळेल का, हे लगेच विचारा. सीडीही जपून ठेवा.

तुमच्या हाती आणखी काय आहे? स्कॅनच्या भागात येणारे दागिने, हूक, काढता येणारी कवळी काढून ठेवा; धातूमुळे चित्रात पट्टे उमटतात. ऐकू कमी येत असेल, श्वास रोखता येत नसेल किंवा पाठ टेकून झोपवत नसेल, तर तंत्रज्ञाला आधीच सांगा. सूचना समजली नाही तर पुन्हा विचारायला संकोच करू नका. गरोदर असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास तेही सांगा.

आजींचा स्कॅन मात्र पुन्हा करावा लागला, कारण हललेले चित्र संगणकालाही सावरता आले नाही. या वेळी तंत्रज्ञाने कानाजवळ जाऊन मराठीत समजावले, दोनदा श्वास रोखायचा सराव करून घेतला आणि फक्त हव्या तेवढ्याच भागाचा स्कॅन केला. चित्र स्वच्छ आले. तो डाग म्हणजे भरून आलेला, चुना साचलेला जुना व्रण होता. सरावाला दोन मिनिटेही लागली नव्हती.