जुना रेडिओ बोलता करताना (भाग ६) : आळ व्हॉल्व्हवर, खोट कंडेन्सरची

सिरीजमध्ये ६० वॅटचा बल्ब लावून सेट सुरू केला, व्हॉल्व्ह पेटले, धूर निघाला नाही. मागच्या भागात इथवर आलो होतो. आता नेहमीची तक्रार. रेडिओ पाच-दहा मिनिटं बरा वाजतो, मग आवाज फाटायला लागतो. मागून डोकावलं तर आउटपुट व्हॉल्व्हच्या काचेआडचा करडा पत्रा (प्लेट) लालभडक झालेला. घरातलं कुणीतरी निकाल देऊन मोकळं होतं, ‘व्हॉल्व्ह गेला.’ मग जुन्या बाजारात ईएल८४ची शोधाशोध. महागाचा व्हॉल्व्ह येतो, बसतो आणि तोही तापून लाल होतो.

दोष बहुतेक वेळा शेजारच्या कागदी कपलिंग कंडेन्सरचा असतो. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर शंभरेक व्होल्ट डीसी असतो. कंडेन्सरने तो अडवायचा आणि फक्त आवाजाचे चढउतार आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे सोडायचे. ग्रिड म्हणजे पाटावरचं दार समजा. ते कॅथोडपेक्षा ऋण असलं की विद्युतप्रवाह मापात राहतो. कंडेन्सर गळू लागला की धन व्होल्टेज ग्रिडवर येतं, दार सताड उघडतं, पत्रा तापतो आणि दुर्लक्ष केलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळतो. तो जळला की खरा खर्च.

गळतीचं एक मोठं कारण ओल. मेणात भिजवलेला तो कागद पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या पावसात साठ-सत्तर वर्षं कोरडा राहावा ही अपेक्षाच चुकीची. जत-आटपाडीकडच्या सेटचं दुखणं निराळं: स्टेशन लावायच्या गँग कंडेन्सरच्या पात्यांत धूळ. ती ब्रशने झटकता येते. कागदी कंडेन्सर मात्र सुकवून सुधारत नाही.

तपासणी सोपी आहे, पण सेट चालू ठेवून करायची असते, म्हणून एक हात खिशात. एसी-डीसी सेट असेल तर चॅसीच थेट लाइनला जोडलेली असू शकते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर अशा सेटला हात लावू नका. ईएल८४चा सेट असेल तर मीटरची काळी पिन चॅसीवर, लाल पिन व्हॉल्व्हच्या २ नंबरच्या पायावर. मीटरने शून्य दाखवलं पाहिजे. चार-पाच व्होल्ट धन दिसले तर सेट बंद करा, वीजपुरवठ्याचा मोठा कंडेन्सर रेझिस्टरने रिकामा करा आणि कपलिंग कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक डाग सोडवून उचला. ग्रिडचा रेझिस्टर तसाच राहू द्या. पुन्हा मोजा. आता शून्य आलं तर कंडेन्सर बाद. त्या जागी ०.०१ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कंडेन्सर लावा. टोक उचलूनही ग्रिडवर व्होल्ट दिसत राहिले, तरच व्हॉल्व्हला बोल लावा.

कंडेन्सर बदलल्यानंतर तासभर सेट चालवून पाहा. आवाज फाटला नाही, की स्टेशन लावून बघा. मीटरमध्ये आखलेल्या जुन्या डायलवर सांगली कुठे लागायला हवी, हा प्रश्न अनेकांना पडतो. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं, त्यामुळे त्याआधी घेतलेल्या मर्फी किंवा फिलिप्सच्या काचेवर ते नाव सापडणार नाही. केंद्राची मध्यम लहर १२५१ किलोहर्ट्झची, म्हणजे जवळपास २४० मीटर. ४५५ किलोहर्ट्झ आयएफच्या सेटमध्ये त्या जागी ऑसिलेटर १७०६ किलोहर्ट्झवर चालतो. काटा बराच पुढेमागे ठेवावा लागत असेल, तर आधी डायलचा दोरा पुलीवर सरकलाय का ते बघा. दोरा जागेवर असूनही फरक राहिला तर ट्रिमरचा विचार करू, पण त्याचा स्क्रू आजच फिरवायला घेऊ नका. तो पुढच्या आठवड्याचा विषय आहे.