ओळखीच्या नावांचे अनोळखी शहर

बँकॉकला प्रथमच जाणाऱ्या मराठी माणसाला पहिली भुरळ पडते ती नावांची. विमान उतरते ते 'सुवर्णभूमी'वर. शहराला तिथली माणसे बँकॉक म्हणतच नाहीत. त्यांच्या लेखी ते 'क्रुंग थेप', म्हणजे देवांची नगरी. आणि हे झाले घरगुती नाव. पूर्ण नाव घ्यायचे तर कीर्तनकाराचा दम हवा! महानगर, अमररत्न, नवरत्न, राजधानी, विष्णुकर्म... संस्कृत शब्दांची लांबलचक माळच ती. गादीवरचा राजा दहावा 'राम'. शहरातल्या मोठ्या बागेचे नाव लुंफिनी, म्हणजे बुद्धाचे लुंबिनी. हे सारे ऐकले की छाती फुगवून म्हणावेसे वाटते, "अहो, हे तर सगळे आपलेच!"

पण दोन दिवस कान आणि डोळे उघडे ठेवून हिंडले की ध्यानात येते, सोने आपल्याकडचे असेल; दागिना मात्र त्यांच्या सोनाराने घडवलेला आहे.

साधा नमस्कारच घ्या. हात जोडून, मान लववून तिथली माणसे म्हणतात, 'सवत्दी'. मूळ शब्द आपला 'स्वस्ति'. पण हा नमस्कार काही पुराणकाळापासून चालत आलेला नाही. १९३० नंतरच्या दशकात बँकॉकच्या चुलालोंगकोर्न विद्यापीठातील एका भाषापंडिताने तो घडवला आणि १९४३ साली सरकारने अधिकृत केला. नव्या गरजेसाठी जुनी पेटी उघडावी, त्यातला हवा तो अलंकार काढावा आणि आपल्या मापाचा करून घ्यावा, अशी ही रीत.

शहराचे तसेच. जुनी राजधानी अयुथ्या, नाव अर्थात अयोध्येवरून. १७६७ साली ब्रह्मी सैन्याने ती उद्ध्वस्त केली. पुढे १७८२ मध्ये पहिल्या रामाने चाओ फ्राया नदीच्या पूर्वतीरी नवी राजधानी वसवली आणि तिच्या लांबलचक नावात पडलेल्या अयुथ्येचेही नाव गुंफले. तिथल्या माणसाला ते नाव ऐकून शरयूकाठ आठवत नाही; आठवते ती आपलीच जळलेली राजधानी.

राजवाड्याच्या आवारात पाचूच्या बुद्धाचे मंदिर आहे. त्याच्या भोवतीच्या ओवऱ्यांत त्यांचे रामायण, म्हणजे 'रामकियेन', १७८ भित्तिचित्रांत रंगवले आहे. चित्रे पाहत सावकाश चालावे. पण मारुतीपाशी आले की आपण थबकतो! इथला मारुती शुभ्र, शूर आणि स्वामिनिष्ठ आहे खरा. परंतु ब्रह्मचारी मुळीच नाही. बिभीषणाच्या कन्येशी त्याचे सूत जुळते आणि रावणाची मत्स्यकन्याही त्याच्या प्रेमात पडते. दर शनिवारी मारुतीला तेल घालणाऱ्या आपल्या आजीला हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

हे झाले चित्रातले. धावते बँकॉक पाहायचे तर सॅन सॅप कालव्यातल्या बोटीत बसावे. १८३७ साली खणायला घेतलेला हा कालवा आज कचेरीला जाणाऱ्यांचा हमरस्ता आहे. पूल इतके ठेंगणे की बोटीच्या काठावरून सर्कशीतल्यासारखा चालणारा कंडक्टर डोक्यावर शिरस्त्राण घालतो. समोरून दुसरी बोट आली की कडेचे उतारू दोरी ओढून ताडपत्रीचा पडदा वर करतात. नाहीतर काळ्या पाण्याचे स्नान ठरलेले. ना आरडाओरड, ना वादावादी.

संध्याकाळी मी लुंफिनी बागेत होतो. सहाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपकावर राष्ट्रगीत सुरू झाले आणि धावणारी, चालणारी सारी माणसे जागच्या जागी उभी राहिली. चालत राहिली ती एकटी घोरपड! हो, घोरपडच, चांगली पुरुषभर लांब. तळ्याकाठी अशा कितीतरी सुखाने नांदतात, आणि त्यांच्या वाटेला कोणी जात नाही.

बागेबाहेर एका गाड्यावर एक बाई मातीच्या उखळीत लाकडी मुसळाने कच्च्या पपईचा कीस, मिरच्या आणि शेंगदाणे कुटत होती. हीच 'सोम तम' नावाची त्यांची कोशिंबीर. (शाकाहाऱ्यांनी जपून, त्यात मासळीचा अर्क पडतो.) गिऱ्हाईक मुले तिला 'पा' म्हणत होती. आपण भाजीवालीला 'मावशी' म्हणतो, तसेच ते.

तिच्या उखळीतले पपई, मिरची आणि शेंगदाणा हे तिन्ही जिन्नस मूळचे अमेरिका खंडातले. तिथून ते तिच्याकडे आले, तसे आपल्याकडेही आले. पण मिरचीचा ठेचा आणि दाण्याचे कूट यांना परके म्हणणारा मराठी माणूस कुठे सापडेल काय? मग त्यांच्या रामाला आणि मारुतीला आपण उसने का म्हणावे?

तेव्हा बँकॉकला जाल तर वडीलधारे होऊन जाऊ नका. पाहुणे होऊन जा. ओळखीची नावे दारापर्यंत सोबत करतील. आत पाहण्यासारखे जे आहे, ते त्यांचे आहे.