उतारवयाची भाकरी कोणाच्या भरंवशावर?



जुन्नर तालुक्यांतील खोडद गांवीं रेडिओ-दुर्बिणीच्या तबकड्या उभ्या आहेत. ४५ मीटर व्यासाच्या अशा एकूण ३० तबकड्या. कांहीं गांवाजवळ दाटीनें, तर कांहीं तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. अंतराळांतील ज्या लहरी त्या टिपतात, त्या आपल्या उगमापासून फार पूर्वीं निघालेल्या असतात. निवृत्तिवेतनाचा प्रश्न असाच लांब पल्ल्याचा आहे. वचन आज दिलें जातें. तें पुरें करण्याची पाळी तीस-चाळीस वर्षांनीं येते, आणि तेव्हां कर भरणारे हात निराळेच असतात. म्हणून या प्रश्नांत दोन पिढ्या समोरासमोर उभ्या राहतात.

ही कल्पना आपल्याकडे परकी नाहीं. लढाईंत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांस मराठी राज्यांत ‘बालपरवेशी’ मिळे. युरोपांत १८८९ सालीं जर्मनीनें कामगार व मालक यांच्या वर्गणींतून वृद्धांसाठीं निवृत्तिवेतन सुरू केलें. इंग्लंडनें १९०८ च्या कायद्यानें सत्तरी गांठलेल्या गरजूंना तें सरकारी तिजोरींतून दिलें. वर्गणी कीं तिजोरी, हाच वाद आज आपल्या दारीं आला आहे.

जुनी पद्धत अशी : पुरी सेवा झाली कीं शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम, तिजवर महागाईभत्ता, आणि मागें राहिलेल्या जोडीदारास कुटुंबनिवृत्तिवेतन. सर्व भार तिजोरीवर. सैन्यदलें वगळून केंद्र सरकारनें १ जानेवारी २००४ पासून, आणि महाराष्ट्र सरकारनें १ नोव्हेंबर २००५ पासून, नव्यानें नेमलेल्यांसाठीं ही पद्धत बंद केली. नव्या पद्धतींत वेतन व महागाईभत्ता यांचा दहावा हिस्सा सेवक देतो, सरकार आतां शेंकडा १४ घालतें, आणि ही पुंजी बाजारांत गुंतविली जाते. निवृत्तीच्या वेळीं साठ टक्क्यांपर्यंत रक्कम हातीं घेतां येते. बाकीच्या चाळीस टक्क्यांचें वर्षासन विकत घ्यावें लागतें.

शाळेंतल्या रीतीनें एक उदाहरण सोडवूं. शेवटचें मूळ वेतन ६०,००० रुपये धरा. जुन्या पद्धतीनें ३०,००० रुपये आणि वर महागाईभत्ता. नव्या पद्धतींत ६० लाख रुपये साठले असें समजूं. त्यांतील २४ लाखांचें वर्षासन घेतलें आणि दर शेंकडा ६ मिळाला, तर वर्षाला १,४४,०००, म्हणजे महिन्याला १२,००० रुपये. उरलेले ३६ लाख हातीं आहेत खरे; परंतु ते कसे जपावयाचे आणि किती वर्षें पुरवावयाचे, ही विवंचना म्हाताऱ्याच्याच शिरावर. शिवाय महागाई वाढली तरी साध्या वर्षासनाचा आंकडा वाढत नाहीं. थोडक्यांत, दीर्घायुष्याची व बाजारभावाची जोखीम पूर्वीं सरकार उचलीत असे. ती सेवकाकडे गेली.

याच कारणास्तव राज्यांतील कर्मचारी व शिक्षक यांनीं १४ मार्च २०२३ पासून आठवडाभर संप केला. पुढें ऑगस्ट २०२४ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली व ती १ एप्रिल २०२५ पासून अंमलांत आली. पंचवीस वर्षें सेवा झालेल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची तींत हमी आहे. मात्र सेवकाचा दहावा हिस्सा कायम. महाराष्ट्र मंत्रिमंडळानेंहि लगोलग तिला संमति दिली. जोखीम दोघांनीं वांटून घ्यावी, हें तिच्यामागील तत्त्व मला रास्त वाटतें.

मी स्वतः जुन्या पद्धतीचें निवृत्तिवेतन घेणारा शिक्षक आहें, तेव्हां माझें बोलणें याच जाणिवेनें ऐकावें. माझ्या पिढीला नोकरीबरोबरच वेतनश्रेणी मिळाली. २००० सालापासून नवा शिक्षक प्रथम तीन वर्षें ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर लागतो. प्राथमिक शाळेंत २०२३ च्या वाढीपूर्वीं तें ६,००० रुपये होतें, मग १६,००० झालें. फळा तोच, पाढे तेच. परंतु संसार मांडण्याच्या वयांत हातीं येणारी रक्कम व म्हातारपणाची हमी दोन्ही निराळीं.

तरीहि हा झगडा केवळ म्हातारे विरुद्ध तरुण असा नाहीं. ज्या घरीं आजोबांचें निवृत्तिवेतन येतें, तेथें नातवाची फी भरली जाते. ज्या घरीं तें नाहीं, तेथें तरुणाच्या कमाईंतूनच आईबापांचें औषध निघतें. पिढ्यांमधील अंतर असें शेवटीं एकाच पिढीच्या पोटांत शिरतें. शेतकऱ्याला तर निवृत्तीची तारीखच नसते. कुकडीच्या पाण्यानें या तालुक्यांतील जमिनीचें मोल वाढलें, पण वांटण्या होतां होतां तुकडे लहान झाले. पासष्टीपुढील निराधारास श्रावणबाळ योजनेंतून २०२३ सालच्या वाढीनंतर महिना १,५०० रुपये मिळूं लागले. त्यासाठीं कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये ठरली. महिन्याचा हिशेब केला तर १,७५० रुपये!

पुढचा काळ अधिक कठीण आहे. २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांतील सुमारें दहावा हिस्सा लोक साठीचे किंवा त्यापुढचे होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत राज्याचा जननदर १.७ आढळला, म्हणजे दर स्त्रीमागें दोन मुलेंहि नाहींत. घेणारे वाढणार आणि देणारे घटणार.

तेव्हां करावें काय? दिलेलें वचन मोडूं नये, कारण म्हाताऱ्याला पुन्हां कमावण्याची संधि नसते. नवें वचन देतांना मात्र त्याची तरतूद त्याच वर्षीं बाजूला काढावी, नातवाच्या नांवें उसनवारी करूं नये. आणि श्रावणबाळसारख्या योजनांची रक्कम महागाईशीं जोडावी. ज्या न्यायानें माझा महागाईभत्ता वाढतो, तोच न्याय खोडदच्या शेतमजूर आजीला कां नसावा, याचें उत्तर आपणां पांढरपेशांना द्यावें लागेल.