विश्लेषण : उरणला पक्षी पाहायला जाताना आधी तिथी का पाहावी?

पाऊस ओसरला, की नवी मुंबईतील पक्षीप्रेमींच्या टोळ्या उरणकडे निघतात. जानेवारी २०२४ मध्ये लोकल उरणपर्यंत पोहोचली आणि एके काळी आडबाजूची वाटणारी पाणजेची पाणथळ नेरुळ-बेलापूरकरांच्या आवाक्यात आली. तरीही दुर्बीण, टोप्या, वडापाव अशी जय्यत तयारी करून गेलेले अनेक गट मोजकेच बगळे पाहून परततात. पक्षी आलेले असतात; पण त्या वेळी ते दुसरीकडे चरत असतात.

पक्षी नेमके कुठे असतात?

ओहोटीला खाडीकिनारी मैलोन् मैल चिखल उघडा पडतो. त्यातील किडे, शिंपले, बारीक खेकडे हे टिलवे, तुतवार, चिखले या किनारी पक्ष्यांचे अन्न. भरती चढली, की हे ताट पाण्याखाली जाते. हे पक्षी बदकांसारखे पाण्यावर तरंगत राहत नाहीत. त्यांना उभे राहायला उथळ पाणी किंवा मोकळी कोरडी जागा लागते आणि ती आतल्या बाजूच्या पाणथळीत मिळते. म्हणजे चिखल ही त्यांची खानावळ आणि पाणजे हा विसावा. पाणजेला पक्षी पाहायचे, तर भरतीच गाठावी लागते.

भरतीची वेळ कशी काढायची?

मोबाइलवर तक्ते मिळतात. पण किनाऱ्यावरचा जुना हिशेब अधिक सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. कोजागरीला जाणाऱ्यांनी म्हणूनच सकाळी दहापर्यंत पोहोचावे आणि पाणी चढताना थवे आत येताना पाहावेत. अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती कमी चढते. चिखलाचा काही भाग उघडाच राहतो आणि पक्षी बाहेरच रेंगाळतात. उधाणाच्या दिवसांत मात्र त्यांना आत यावेच लागते. रविवार पाहून बेत आखणाऱ्यांची निराशा होते ती इथेच.

शरदातच का जायचे?

रोहित पक्ष्यांची गर्दी पुढे हिवाळ्यात होते आणि कॅमेऱ्यांचीही. सप्टेंबर-ऑक्टोबरची मजा वेगळी. छोटा टिलवा जेमतेम २० ते ३० ग्रॅमचा. पण येतो उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रातून. बाकदार चोचीचा तुतवार सायबेरियातून येतो. यांच्यात मोठे पक्षी आधी निघतात आणि त्याच उन्हाळ्यात जन्मलेली पिल्ले मागाहून, आईबापांविना, कधीही न पाहिलेल्या वाटेने येतात. शरदात पाणथळीत दिसणाऱ्या थव्यांत अशी पहिल्या खेपेची मंडळी बरीच असतात. हा प्रवास ३० देशांवरून जाणाऱ्या ‘मध्य आशियाई उड्डाणमार्गा’चा भाग आहे.

मग चिंता कशाची?

ठाणे खाडीतील रोहित अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जाही मिळाला. खाडीतल्या चिखलाला असे कवच मिळाले. पण भरतीच्या वेळी पक्षी जिथे थांबतात त्या पाणथळींचे काय? पाणजे अभयारण्याच्या हद्दीत येत नाही. तिथे भरतीचे पाणी अडवले जात असल्याची तक्रार पर्यावरण कार्यकर्ते अनेक वर्षे करत आहेत. भराव न टाकताही पाणथळ मारता येते. पाण्याची वाट बुजवली की पुरते. पाणी आटते, जमीन तडकते आणि काही वर्षांनी ‘इथे पाणथळ होतीच कुठे?’ असे विचारणे सोपे जाते.

विसावा नसेल, तर थवे भरतीचे तास हवेत घिरट्या घालत काढतात. चिखलात मिळवलेली चरबी त्यातच जळते आणि मार्च-एप्रिलच्या परतीच्या उड्डाणाला तीच कमी पडते.

तेव्हा या आश्विनात पाणजेला गेलात, तर पक्ष्यांच्या नोंदीसोबत भरतीच्या वेळी पाणी कुठपर्यंत आले, याचाही तारीख-वेळेसह फोटो काढून ठेवा.