हैदराबादला अक्कलदाढ काढायला जाताय? सहीआधी नसेचं विचारा

देगलूर, बीदर, आदिलाबादकडची माणसं दातांच्या मोठ्या कामासाठी हैदराबाद गाठतात. कुणी अफझलगंजच्या सरकारी दंत महाविद्यालयात जातं, कुणी खासगीत. खालची अक्कलदाढ हाडात आडवी रुतली असेल तर हिरडी कापून, थोडं हाड घासून, दाढेचे तुकडे करून ती काढावी लागते. त्याआधी एक इंग्रजी फॉर्म पुढे येतो आणि आपण न वाचता सही ठोकतो. त्यात 'नसेला इजा' असाही एक धोका लिहिलेला असतो.

या दाढेजवळून दोन नसा जातात. एक जबड्याच्या हाडातल्या नळीतून; खालचा ओठ आणि हनुवटीची जाणीव तिच्यावर. काहींच्या दाढेची मुळं या नळीला टेकलेली असतात. दुसरी जिभेच्या बाजूने, मऊ भागातून जाते. जिभेची जाणीव आणि चव तिच्याकडे, आणि ती एक्स-रेत दिसतच नाही. 'तोंड वाकडं होतं' अशी भीती आपल्याकडे घालतात, पण चेहरा हलवणारी नस वेगळी. मात्र ओठ बधिर राहिला तर चहा ओघळलेला कळत नाही, जेवताना ओठ चावला जातो.

तात्पुरता बधिरपणा शंभरात मोजक्यांनाच येतो, बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो. कायमचा राहण्याचं प्रमाण साधारण एक टक्क्याहून कमी. वयाबरोबर धोका वाढतो.

ओपीजी एक्स-रेत नळीची पांढरी रेघ तुटलेली किंवा मूळ तिथे काळपट दिसलं, तर डॉक्टर सीबीसीटी स्कॅन सांगतात. तो खर्च वाचवू नका. मूळ नसेला फारच चिकटलेलं असेल तर फक्त दाढेचा वरचा भाग काढून मुळं आतच ठेवण्याचा पर्याय असतो. त्याला कोरोनेक्टॉमी म्हणतात. हे सगळं विचारायला तेलुगू यायला हवी असं नाही, तिथली हिंदी आपल्याला कळतेच. धोके आणि पर्याय समजावून घेतलेली संमतीच खरी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलंय.

इंजेक्शनचा बधिरपणा काही तासांत उतरतो. दुसऱ्या दिवशीही ओठ-जीभ बधिर असेल तर लगेच फोन करा; टाके काढायच्या तारखेची वाट पाहू नका. तीन महिन्यांत काहीच फरक नसेल तर मुखशल्यचिकित्सकाला दाखवा.

नस दुखावली म्हणजे डॉक्टरचा हलगर्जीपणा झालाच, असं नव्हे. पण धोका सांगितलाच नसेल, तर २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यातच करता येते, मुदत दोन वर्षं. म्हणून बिल, एक्स-रे आणि सही केलेल्या फॉर्मची प्रत मागून घ्या.